बांधाबाहेरची पोपटी

शुक्रवारी सकाळी आम्ही रियाधहून निघालो तेव्हा डिकीत विकतच्या लाकडांच्या मोळ्या होत्या, वालपापडी होती, अंडी होती आणि ओवा-मीठ-मसाला लावून ठेवलेली कोंबडी होती. सोबत एक पत्र्याचा डबाही होता, राख परत आणायला. वाळवंटातलं लाकूड तोडायला इथं बंदी आहे, आणि आमच्या मंडळींनी ती कधी मोडली नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. तो त्याच दिवशी उतरायचा होता.

बरोबर बायको नीता होती. म्हात्रे हुफूफ रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर भेटले. हुफूफच्या प्लँटवर पाइप फिटर म्हणून त्यांनी उमेद घालवली आणि आता फायनल एक्झिट (कायमचं मायदेशी परतणं) घेतली होती. दुसऱ्या दिवशी रियाधहून विमान. दोन्ही बाजूंना दोन दांडग्या बॅगा आणि मांडीवर मडकं, असे ते बसले होते.

"वहिनी, हा तुमचा पुदिना," त्यांनी जुड्यांची पिशवी पुढे केली. हुफूफच्या मळ्यांतला पुदिना ते दरवेळी आणत.

"आणि मडकं मांडीवर का? खाली ठेवा की."

"जुनं आहे, वहिनी. माझ्यासारखं."

म्हात्रे आणि मी दोघेही अलिबागकडचे. आमच्याकडे थंडीत पोपटी होते. मडक्यात भामरूड या उग्र वासाच्या रानरोपाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर पुन्हा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. सौदीत आल्यापासून आम्ही ती दर हिवाळ्यात एका रौद्यात करायचो. रौदा म्हणजे पावसाचं पाणी साठून हिरवा होणारा वाळवंटातला खोलगट भाग. तिथं मधोमध एक मोठी बाभूळ आहे. गाडी काठावर ठेवायची, सामान डोक्यावर घ्यायचं आणि बाभळीपर्यंत चालत जायचं. जायच्या आधी म्हात्र्यांना तिथं एकदा पोपटी लावायची होती. दुसरं काही मागितलं नव्हतं त्यांनी.

दहना वाळवंटाच्या लाल टेकड्या लांब दिसायला लागल्यावर आम्ही डांबरी रस्ता सोडला. पाऊस नुकता होऊन गेला होता. खडकाळ माळावर हिरवी लव उठली होती, एक उंटीण पिल्लाला घेऊन सावकाश चरत होती. आणि मग गाडी थांबवावी लागली. रौद्याभोवती मातीचा उंच बांध घातला होता. पुढे नवा कोरा फलक: संरक्षित क्षेत्र, परवानगीशिवाय प्रवेश बंद.

बांधापलीकडे बाभूळ दिसत होती. म्हात्रे मडकं कडेवर घेऊन उभे राहिले. नीता म्हणाली, "आधी चौकशी करायची नाही का रे?" मी केली नव्हती. आपलीच जागा आहे, चौकशी कसली, असं मला वाटलं होतं.

थोड्या वेळानं राखीव क्षेत्राची पांढरी जीप आली. त्यातून फहद नावाचा तरुण रक्षक उतरला. सलाम-आलेकुम झालं. मी इंग्रजीत माझी बाजू मांडायला सुरुवात केली. जोरात मांडली, कारण मला ती पटलेली होती.

"आमची गाडी आत जात नाही. आम्ही चालतो. लाकूड आमचं, आग पत्र्यावर, राखसुद्धा परत नेतो. आम्ही कसलं नुकसान करतो?"

"सगळे हेच म्हणतात," फहद म्हणाला. मग त्याचं लक्ष मडक्याकडे गेलं. "हे काय?"

म्हात्र्यांना अरबी माझ्यापेक्षा चांगली येते. ते खुलले. शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं हातवारे करून त्यांनी सांगितलं. "आणि मग पाला. पाल्याशिवाय पोपटी नाही." बांधावर चढून त्यांनी पलीकडच्या करड्या-हिरव्या झुडपाकडे बोट दाखवलं. "हाच! दरवर्षी दोन कवळे घेतो."

फहदनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कैसूम," तो म्हणाला. "माझी आजी पोटदुखीवर याचा काढा द्यायची. अर्धं गाड्यांच्या चाकांखाली गेलं, अर्धं शेळ्यांनी खाल्लं. उरलेलं कुठं जातं ते आम्हाला कळत नव्हतं." आणि तो हसला. "ते कोंबडीत जातं!"

आम्हाला हसता येईना. भामरूड आमच्याकडे शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, मागाल तेवढं. कुणी उपटून नेलं तर शेतकऱ्याला बरंच वाटतं. त्याच सवयीचे हात आम्ही इथं आणले होते. आणि पहिल्या वर्षी ते पान चुरगळून "म्हात्रे, वास घ्या, अगदी भामरूड!" असं ओरडणारा मीच होतो. मी बांधापलीकडे पाहिलं. एकाच पावसात तिथं कैसूम गुडघ्याएवढं झालं होतं. आम्ही उभे होतो त्या बाजूला त्याची एक काडी नव्हती. मला त्या मडक्यात तोंड लपवावंसं वाटलं.

"चूक आमची," मी म्हणालो. "दंड लावा, मी भरतो. पण पाला तोडला म्हणून लावा, चाललो म्हणून लावू नका."

फहदनं फलकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझे आजोबा लहानपणापासून इथं कश्त्याला (हिवाळ्यातल्या मुक्कामी सहलीला) यायचे. परवा या फलकापाशी उभे राहिले आणि मला विचारलं, गवत माझी ओळख विसरलं का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार? मी युनिफॉर्ममध्ये होतो." मग त्यानं बांधाच्या बाहेरची खडीची जागा दाखवली. "इथं आग चालेल. आत सोडता येणार नाही. माझी नोकरी आहे, हबीबी."

"यल्ला, चला," म्हात्रे म्हणाले. "पण पाला?"

नीतानं पुदिन्याची पिशवी उचलली. "घ्या. मला मिळालेली एक भेट आयुष्यात माझ्याकडे टिकली असेल तर शपथ."

"वहिनी, पुदिन्याची पोपटी? गावात कळलं तर मला वाळीत टाकतील."

"मग गावात सांगू नका."

पुदिना तळाला गेला, पुदिना तोंडाला गेला, मडकं पत्र्यावर पालथं झालं. फहदनं थर्मासमधून वेलदोड्याची कॉफी दिली, खजूर दिले. जाळ विझल्यावर मडकं उघडलं तेव्हा वाफेला चटणीचा वास होता. शेंगा जरा कच्च्या राहिल्या. फहदनं बिस्मिल्ला म्हणून कोंबडीचा तुकडा तोंडात टाकला आणि सांगितलं, "कैसूमशिवाय पण छान लागते."

"तुम्ही कैसूमची खाल्लीच नाही," म्हात्रे म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

निघताना ते बांधावर चढून बाभळीकडे पाहत राहिले. मग हात झटकले. "खलास."

गाडीत त्यांनी मडकं पुन्हा मांडीवर घेतलं. मी म्हणालो, "माझ्यामुळे झालं."

"पाला मी पण तोडला, साहेब. पण मी तर चाललो. आता भांडायचं ते तुम्ही." दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्यांनी मडकं माझ्या हातात दिलं. "हे इथंच राहू द्या."

फहदनं सांगितलं होतं की नियमांवर लोकांची मतं मागवली आहेत. घरी येऊन मी माझं लिहिलं. गाड्या बंद करा, तोडणं बंद करा, मोडेल त्याला दंड करा. पण पायी येणाऱ्याला येऊ द्या. मला कैसूमचं नाव कळलं ते त्या झुडपासमोर उभा राहिल्यावर, इतकी वर्षं नकाशात रौदा बघून कळलं नव्हतं. ज्या जागेवर माणूस पाऊलच ठेवणार नाही, तिच्यासाठी तो कधी भांडणारही नाही. आणि पहिल्याच ओळीत मी आम्ही तोडलेल्या पाल्याबद्दल लिहिलं.

नीतानं खांद्यावरून वाचलं. "आधीच कबुली दिलीस तर तुझं ऐकेल कोण?"

"ती नसती तर मीसुद्धा माझं ऐकलं नसतं."

मडकं आता बाल्कनीत पालथं आहे. शेजारी कुंडीत पुदिना लावलाय. रौदा उघडेल त्या हिवाळ्यात हा पुदिना घेऊन मी बाभळीपर्यंत चालत जाणार आहे, आणि पहिली शेंग फहदच्या आजोबांना देणार आहे.