बाराव्या प्रकरणाचा शनिवार

सोमवारी सकाळी मीटिंगमध्ये असताना प्रभाकरकाकांच्या समीरचा फोन आला. तो एरवी मेसेज करतो, म्हणून मी बाहेर जाऊन उचलला. "ताई, बाबा पास्ड अवे," एवढंच म्हणाला. आणि मला सगळ्यात आधी आठवला तो दोनच दिवसांपूर्वी मी कॅन्सल केलेला शनिवार. आता पाच आठवडे झाले, तरी आधी तेच आठवतं.

प्रभाकरकाका पिस्कॅटवेत आमच्यापासून चार घरं सोडून राहायचे. इंजिनिअर म्हणून तरुणपणीच अमेरिकेत आलेले, समीर इथेच जन्मलेला. काकू गेल्या आणि काका एका इंग्रजाच्या मागे लागले. आधी विलायतेत खासदार, मग मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झालेला हा गृहस्थ. काका त्याला नुसतं 'साहेब' म्हणायचे आणि त्याचं चरित्र लिहायचे. काकांचे वडील साहेबाच्या कचेरीत कारकून होते. ते सांगायचे म्हणे, साहेब संध्याकाळी व्हरांड्यात एकटाच फेऱ्या मारत पार्लमेंटातल्यासारखी भाषणं करायचा, समोर ऐकायला कोणी नसताना. हे सांगताना काकाही उठून सोफ्याला फेऱ्या मारायचे, आणि मला हसू आवरायचं नाही.

काकांना एकच गोष्ट छळायची. "पार्लमेंटात हा आपल्या बाजूने तावातावाने बोलायचा. मुंबईत खुर्चीवर बसला आणि आपल्याच माणसांना तुरुंगात टाकलं. असं कसं गं होतं माणसाचं?"

"खुर्ची मिळाली की सगळे तसेच, काका."

"हे आळशी उत्तर झालं. शेवटच्या प्रकरणात सांगतो."

काका लिहायचे मोडीत. जुन्या दप्तरांतली ती वळणदार लिपी त्यांना वडिलांनी शिकवलेली. हात उचलावा लागत नाही, त्यामुळे विचारही थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला मोडीचं एक अक्षर येत नाही. म्हणून दर शनिवारी डायनिंग टेबलाशी बसून ते वाचायचे आणि मी लॅपटॉपवर टाइप करायचे. टाइप झालेलं पान ते लगेच फाडून रिसायकलिंगच्या डब्यात टाकत, एवढा माझ्यावर विश्वास! एकदा मी म्हटलं, "काका, देवनागरीत लिहा ना. मी घरी नेऊन टाइप करीन, तुमचा वेळ वाचेल." चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग तू शनिवारी कशाला येशील?" मी ती थट्टा समजले...

अकरा प्रकरणं झाली आणि माझ्या ऑफिसात रिलीजची धावपळ सुरू झाली. ओळीने तीन शनिवार मी फोन करून टाळले. "हरकत नाही गं, साहेब कुठे पळून जातोय!" असं ते तिन्ही वेळा म्हणाले. साहेब नाही गेला...

दिवसकार्य झाल्यावर समीरने बाराव्या, शेवटच्या प्रकरणाची फाइल माझ्या हातात ठेवली. "व्हॉट डज इट से, ताई? लास्ट मंथभर हेच लिहीत होते." मला वाचता येत नाही, हे त्याला सांगावं लागलं. पुण्यातल्या एका मोडी वाचणाऱ्या बाईंना फोटो पाठवले. त्यांनी मनापासून खटपट केली. मग फोन आला, "हात फार जलद आहे, आणि निम्म्या खुणा त्यांच्या स्वतःच्याच. आधीची पानं पाठवा. टाइप केलेल्या मजकुराशी ताडून बघता येईल." आधीची पानं नाहीत, हे मी त्यांना सांगितलं.

आता ती फाइल माझ्या टेबलावर असते. शनिवारी मी ती उघडते, उगाचच. साहेब असा का वागला, ते या बावीस पानांत आहे आणि मला ते कधीही कळणार नाही. स्वतःचा राग येतो, पण त्या रागाचं करू काय? मला वाचता येतो तो फक्त पहिल्या पानाचा वरचा कोपरा. बसायचा दिवस ठरला की काका तिथे तारीख टाकत, साध्या आकड्यांत. तिथे तीन शनिवारांच्या तारखा आहेत, तिन्ही एकेका सरळ रेघेने खोडलेल्या. त्यांच्याखाली चौथी आहे. ती खोडायला काका राहिले नाहीत.