डाग पडलेला वर्दीचा शर्ट

भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तोफखान्यात होता. शिकायला देवळाली कॅम्पातच होता, आमच्या भाजीच्या मळ्यापासून सायकलच्या अंतरावर. तिकडे तोफा सुटल्या की आमची भांडी थरथरायची आणि आई म्हणायची, "वाजवतोय बघ माझा."

मला घोटीला दिलं होतं. नवरा पट्ट्याने मारायचा. मी कुणाला सांगितलं नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, घरात सगळे मुकीच म्हणायचे. त्या दिवाळीला भाऊ सुट्टीवर येताना वाटेत घोटीला उतरला, वर्दीवरच. पाणी द्यायला वाकले तेव्हा त्याला माझ्या मानेवरचे वळ दिसले. तो पाणी प्यायला. तांब्या नीट खाली ठेवला आणि नवऱ्याला केसांना धरून ओट्यावर ओढत नेलं.

"दाजी, पट्टा कुठाय?"

एवढंच विचारलं आणि त्याचं तोंड पायरीवर आपटलं. दोनदा. दात फुटले. मी भिंतीला चिकटून उभी होते. खरं लिहिते, थांबवावंसं वाटलं नाही.

त्याच्या शर्टावर, छातीपाशी, तळहाताएवढा रक्ताचा डाग पडला. "आक्के, आईला दाखवू नको, लय बोलंल," म्हणत त्याने शर्ट माझ्या गाठोड्यात कोंबला आणि मला मळ्यावर आणून सोडलं. मी तो लपून दोनदा धुतला. डाग निघाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बर्फाच्या डोंगरात लढाई लागली. उन्हाळा सरता सरता तो पेटीतून घरी आला. सोबतच्या हवालदाराला मी हौदावर हात धुवायला पाणी दिलं. तो हळूच म्हणाला, "ताई, पेटी उघडू देऊ नका. मी तिथंच होतो. गोळा पडला. मानेच्या वर काही राहिलं नाही. आईला दाखवण्यासारखं नाही."

पण आमच्यात लग्नाआधी गेलेल्या गड्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात. आधी त्याच्या अंगाला हळद, मग तीच उष्टी हळद रुईला. त्याशिवाय आग देत नाहीत. आई हळदीची वाटी घेऊन पेटीपाशी बसली होती. चुलत्यांनी बांधावरची रुई तोडून आणली होती.

हवालदार म्हणाला, पेटी उघडता येणार नाही. चुलते त्याच्या अंगावर धावले. "जिता नेला तुमी, आता तोंडबी दाखवंना?" लोकांनी हवालदाराला आणि पेटीबरोबर आलेल्या जवानांना रेटत रस्त्यावर नेलं. चुलत्यांनी पहार फळीत घातली. एक खिळा कुरकुरत वर आला.

मी पेटीवर आडवी पडले. पहार मनगटावर बसली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

"उठ, मुके!" चुलत्यांनी माझे केस धरले.

मी ओरडले. माणसांसमोर पहिल्यांदाच. "त्याच्या अंगातला शर्ट हाय! हळद त्याला लावा!"

एका हाताने गाठोडं सोडून शर्ट आणला. पेटीबरोबर त्याची काळी ट्रंक आली होती, ती आतल्या खोलीतच ठेवली होती. सगळ्यांना वाटलं, तिच्यातूनच काढला. चुलत्यांनी डाग पाहिला आणि पहार खाली टाकली. हवालदार दारात येऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पहार उचलून बाहेर नेली.

आईने शर्ट मांडीवर पसरला. कॉलरला हळद लावली, बाह्यांना लावली. मग डागावर हात ठेवून बसून राहिली.

"एवढंच रक्त? मग लय दुखलं नसंल ना गं त्याला?"

"नाय आई."

उरलेली हळद रुईला लागली. शर्ट पेटीवर ठेवून आग दिली. माझ्या नवऱ्याच्या तोंडातलं रक्त माझ्या भावाचं म्हणून जळलं.

मनगट वाकडंच बसलं. लिहिताना अजून दुखतं. आई आता थकली आहे, पण कुणी बाई भेटायला आली की आपला तळहात उघडून दाखवते. एवढाच होता डाग, म्हणते.