सुरुंग नको म्हणजे नको

मंदाताई साळवी नव्या साइटवर पोचल्या की पहिल्यांदा बूट काढायच्या आणि अनवाणी पायांनी खडकावर उभ्या राहायच्या. बघणाऱ्यांना वाटायचं, बाई फार श्रद्धाळू दिसतेय. वरसावेच्या एका साइटवर तर मालक अगरबत्ती पेटवूनच घेऊन आला. ताई त्याच्यावर ओरडल्या, "अहो, पाया नाही पडत मी! ताप बघतेय याचा. खडक तापलेला असला तर आज पावडर भरायची नाही." मग त्या पुन्हा बूट चढवायच्या, नाड्या आवळायच्या आणि बाकीच्यांच्या पायांकडे नजर टाकायच्या. कोणाच्या पायात चप्पल दिसली की त्याचं काही खरं नसायचं.

ताई बोलत नसत, ओरडतच असत. त्यात राग असायचाच असं नाही. त्यांचे वडील रत्नागिरीहून येऊन घोडबंदरकडच्या एका खाणीत सुरुंग लावायचं काम करायचे. ताई शाळेत जायला लागेपर्यंत वडिलांचे दोन्ही कान गेले होते. "आमच्या घरात गुपित म्हणून नव्हतंच," ताई सांगायच्या. "आईने बाबांना मीठ संपलंय म्हणून सांगितलं की अख्ख्या वस्तीला कळायचं." हे हसत सांगायच्या. पण बापाला त्यांची शाळेतली एकही कविता, एकही भाषण कधी ऐकू आलं नाही, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

म्हणून सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर बाईंनी धंदा काढला तो खडक आणि काँक्रीट फोडायचाच, पण सुरुंगाशिवाय. मी लालबागहून मीरा रोडला राहायला आलो, माझी नोकरी सुटली, तेव्हा त्यांच्याकडे सुपरवायझर म्हणून लागलो. साहित्य ने-आण करायला त्यांनी मला हप्त्यावर टेंपो घ्यायला लावला. म्हणजे टेंपो माझ्या नावावर होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्या टेंपोचे जे हाल झाले ते मी अजून विसरलेलो नाही.

काम दिसायला अगदी साधं. खडकात रांगेने भोकं पाडायची. चुन्यासारखी दिसणारी पावडर गार पाण्यात कालवून त्यात ओतायची. वर ओली गोणपाटं टाकायची आणि लांब जाऊन बसायचं. ती पावडर आत घट्ट होते, हळूहळू फुगते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत भलाथोरला खडक त्या रांगेवर उभा चिरला जातो. धूर नाही, हादरा नाही, शेजारच्याच्या खिडकीची काच हलत नाही. मात्र पाणी गरम असलं किंवा खडक तापलेला असला तर पावडर भडकते आणि भोकातून गोळीसारखी वर उडते. डोळ्यात गेली तर डोळा गेलाच समजा. त्यामुळे भरलेल्या भोकावर कोणी वाकायचं नाही, हा ताईंचा कायदा होता. "आवाज मी करते, काम पावडर करते," असं त्या म्हणायच्या. आणि मालक घाई करायला लागला तर, "घाई असेल तर लग्नाला जा, इथे कशाला आलात?"

तारोडीचं काम आलं ते एप्रिलमध्ये. नितीनभाई नावाच्या गृहस्थांना समुद्राजवळ रिसॉर्ट बांधायचं होतं आणि जागेच्या मधोमध काळा खडक बसला होता. कुंपणाला लागूनच फिलोमिना मावशीचं घर आणि तिची विहीर. मावशी मासळी विकणारी, बोलायला ताईंच्याच तोडीची. पहिल्याच दिवशी ती कुंपणावरून म्हणाली, "बाय, ही माझी बाव हाय. समुद्र इथं हाय, तरी पानी गोड हाय. आमी समदे ह्याच बावीचं पितो. उद्या खारं झालं तं काय करू? टँकरवाल्याच्या पाया पडू?"

ताई विहिरीत वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "सुर्वे, हा सगळा एकच खडक आहे. इथून विहिरीखालून सरळ समुद्रात गेलाय. खालपर्यंत हादरला आणि तडकला, की समुद्र आत शिरलाच." नितीनभाईंना हे पटेना. त्यांचं आपलं एकच, "मॅडम, छोटासा बार मारते हैं ना, किसको पता चलेगा?" खाणीतले लोक सुरुंगाच्या स्फोटाला बार म्हणतात. ताई म्हणाल्या, "मावशीला पता चलेगा. पहिल्याच घोटाला."

पावडरीचं काम सुरू झालं. ऊन असलं तापायचं की आम्ही फक्त सकाळी उजाडताना भरायचो. नितीनभाईंचा मॅनेजर तावडे मात्र उतावीळ. एका सकाळी आम्ही अजून रस्त्यावर असताना त्याने पिंपं भरून ठेवली, तीही कुठून? तर साइट ऑफिसच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतून, आदल्या दुपारी तापलेल्या. का, तर म्हणे इडलीचं पीठ उबेत लवकर फुगतं, तशी पावडरही फुगेल! वर आमच्या माणसांना त्याने सांगितलं, मॅडमचा फोन आला होता, करा सुरू. आम्ही पोचलो तेव्हा निम्मी भोकं भरून झाली होती. ताईंनी पिंपात हात घातला आणि अशा किंचाळल्या की किनाऱ्यावरची कुत्रीसुद्धा उठली. "पळा! सोडा सगळं, पळा!"

सगळे पळाले. तावडे तेवढा गोणपाट उचलून आत बघत उभा. ताई धावत गेल्या, कॉलर धरून त्याला मागे ओढला, तेवढ्यात फाडकन आवाज झाला. गोणपाट उडालं. तावडेला खरचटलंही नाही. ताईंच्या चष्म्यावर पांढरा राडा बसला होता आणि गालाची कातडी भाजली होती. मी बादलीवर बादली पाणी ओततोय आणि बाई पाण्याखालून तावडेला शिव्या देतेय!

नितीनभाईंना आयती संधी मिळाली. "देखो मॅडम, आपका पावडर भी तो फूटता है. फिर बार में क्या बुरा है? कल मैं बारवाले को बुलाता हूँ."

ताईंच्या गालाला मलम लावलेलं होतं. पण आवाज शाबूत होता. "नितीनभाई, पावडर चुकली तर माझा गाल जातो. बार चुकला तर मावशीची विहीर जाते. गाल भरून येईल. विहीर कुठून आणणार तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी बारवाल्यांचा ट्रॅक्टर आलाच. कसली परवानगी नाही, काही नाही. मी म्हटलं, "ताई, पोलिसांना फोन करतो." त्या म्हणाल्या, "कर ना. पण आधी टेंपो आडवा लाव." वाडीत शिरायला एकच गल्ली, दोन्ही बाजूंना बोंबील वाळत घातलेले. माझा टेंपो मध्ये उभा राहिला आणि गल्ली बंद झाली. ताईंनी किल्ली मावशीला दिली. मावशीने ती कमरेला खोचली, पाटी उचलली आणि ती भाईंदरच्या बाजारात निघून गेली! ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून थकला. त्याच्या माणसांनी टेंपो ढकलून बघितला, माझा मागचा दिवा फोडला, आरसा मोडला. ताई टेंपोच्या फाळक्यावर पाय सोडून बसल्या होत्या. वाडीतल्या बायका एकेक करून शेजारी येऊन बसल्या.

नितीनभाई संतापले. "मॅडम, पूरे मीरा-भाईंदर में काम नहीं मिलेगा आपको!"

"नको मिळू दे! जगातले खडक संपलेत का?"

दुपारपर्यंत ट्रॅक्टर माघारी गेला. पोलीस आले तेव्हा भांडायला कोणी उरलंच नव्हतं. पण परवानगीची विचारणा झाली आणि नितीनभाई थोडे नरमले. म्हणाले, करा तुमच्या पावडरीनेच, पण लवकर करा. आता अडचण उन्हाची होती. पहाटेसुद्धा पाणी हवं तितकं गार मिळत नव्हतं. तेव्हा मावशीच्या डोक्यात आलं. होड्यांवर मासळीसाठी बर्फ जातो, त्यातला बायकांनी पाट्या भरभरून आणून दिला. पिंपांत बर्फ सोडला आणि आमची पावडर हलवा-पापलेटच्या वासाची झाली. ताई पिंपात हात बुडवून म्हणाल्या, "आता कसं! हात बधिर झाला."

खडक चिरला तेव्हा फक्त कट् असा आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. विहिरीतलं पाणीसुद्धा हललं नाही. मावशी लगेच तांब्या भरून घेऊन आली, "पी, बाय." ताईंनी तो हात लावून परत केला. "आज गोड लागणारच गं. समुद्र आत यायला वेळ लागतो. पावसाळ्यातली मोठी भरती होऊन जाऊ दे, मग पिईन. तोवर मी काम झालं असं म्हणणार नाही."

पावसाळा आला आणि ताईंच्या हृदयाने दगा दिला. खरंच, संताप आला मला. एवढी बाई, आणि मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात खाटेवर पडून, अंगावर सूज, पाणीसुद्धा डॉक्टर देतील तेवढंच. नितीनभाईंनी आपला शब्द खरा केला होता, गावात काम मिळेनासं झालं होतं. ताईंना त्याचं काही नव्हतं. मला रोज विचारायच्या, "भरती झाली का रे?"

मोठ्या भरतीनंतर फिलोमिना मावशी बाटली घेऊन वॉर्डात आली. नर्स आडवी आली, बाहेरचं पाणी चालणार नाही म्हणून. मावशी म्हणाली, "बाहेरचं न्हाय हे. हिचंच हाय." ताईंनी बाटलीकडे हात केला आणि नर्सने मान वळवली. देव तिचं भलं करो. ताईंनी एक घोट तोंडात घेतला, बराच वेळ तसाच धरून ठेवला आणि गिळला.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. पण तो घोट घेतला त्या संध्याकाळी त्यांनी मला नितीनभाईंना फोन लावायला लावला. मी लावला आणि त्यांच्या तोंडापाशी धरला. अख्खा वॉर्ड दचकला.

"नितीनभाई, गोड आहे! ऐकताय ना? मीठा है!"

पलीकडून ते काय म्हणाले, मला ऐकू आलं नाही. ताई बोलतच होत्या.