धाकलूचे वरीस

नाव धाकलू म्हादू. राहणार बाजारकुणंगच्या वरची चार घरे, पेठा सुपे. वय अंदाजे पस्तीस, म्हणजे लिहिणाऱ्या कारकुनाला त्या दिवशी वाटले तेवढे. जमीन नाही. पीक नाही. धंदा : गातो. पुढे लाल शाईत शेरा, की हा धंदा नव्हे. १९१२ सालची नोंद.

गाणे मात्र खरे होते. शिमग्यात गावच्या मांडावर, म्हणजे देवापुढच्या सारवलेल्या खळ्यात, धाकलू आपले वर्ष गाऊन सांगे. रीत अशी की प्रत्येक ओळीला लोकांनी 'व्हय' म्हणायचे. ओळ खोटी असली तर व्हय येत नाही, आणि व्हय आल्याशिवाय पुढची ओळ नाही. काही गाळायचीही सोय नव्हती. गावाला त्याचे वर्ष त्याच्याइतकेच पाठ होते.

त्या शिमग्याला ऊन कलताना रानाचा गार्ड परशू वही घेऊन पुढेच बसला. रान जाळून नाचणी पेरायची कुमरी सरकारने कधीच बंद केली होती, आणि धाकलूची कुमरी हिरड्याच्या डोंगरामागे होती. परशूच्या कानावर ती गाण्यात पडली, की कणगी जप्त होणार आणि धाकलू सुप्याच्या कोठडीत जाणार.

"आज कंबर धरलीया म्हण," बायको पुतळी पुटपुटली.

"कंबर गाती व्हय?" म्हणत धाकलू उभा राहिला.

चैत गेला, आषाढ गेला. व्हय, व्हय. मग कार्तिक आला आणि धाकलूने डोळे मिटले.

"हिरड्याखाली झोप उतरली, धुक्यावानी उतरली..."

कुणी व्हय म्हणेना. कार्तिकात धाकलू निजलेला कुणी पाहिला नव्हता. म्हातारी केशर खाकरली, "लबाड बोलू नगो रे, मांड हाय ह्यो."

"माझी झोप म्हनलो का मी, काकी?" धाकलू म्हणाला, आणि पुढे गायला :

"तांबडा पटका तोंडावर, वही उशाला,
नाचणी वाकून बघती, कोण हा पावणा?
इळा चालला हळू, पाण्यात मासा चालतो तसा,
पायांशी धा कणसं ठेवली, जाग येईल म्हणून."

परशूही डोळे मिटून बसला होता. त्याला तो दुपारचा गारवा आठवला असावा. वर हलणारी तांबूस कणसे, आणि उठल्यावर पायांशी उरलेली दहाच, ती स्वप्नातली असावीत असे त्याने तेव्हा ठरवले होते.

"व्हय," तो म्हणाला.

मग सगळा मांड व्हय म्हणाला. केशर तर दोनदा.

"परशूअण्णा, घोरत हुतासा का?" कुणीतरी मागून विचारले.

"गप ऱ्हावा," परशू म्हणाला. पण मांडावरचा व्हय मागे घेता येत नाही. आणि नोकरीवरची झोप वहीत लिहिता येत नाही.

धाकलूने फाल्गुनापर्यंत वर्ष पुरे केले. परशूने त्याच्याच ओसरीवर बसून लिहिले : सदर डोंगर समक्ष पाहिला. लागवड आढळली नाही. सदर इसमाकडे कसलेही धान्य नाही.

तोवर पुतळीने पान वाढले. परशूने तीन भाकऱ्या खाल्ल्या. नाचणीच्या.