आडकित्त्यासारखा जबडा

मुलगी डेंटिस्ट होणार, असं मी घणसोली गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खरं तर ती फार जुन्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे, दगड झालेले जबडे अभ्यासते. पण भाडेकरू असो की भावकी, कुणी विचारलं की माझ्या तोंडातून डेंटिस्टच निघायचं. हाडांमागे पोरीची इतकी वर्षं गेली, हे सांगायची मला लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

मंडळाच्या पूजेला शिकलेल्या मुलांचा सत्कार असतो, आणि ओळख बापानेच माइकवर करून द्यायची अशी आमची रीत. यंदा पोरीचा सत्कार होता. त्या सकाळी ती एवढंच म्हणाली, "बाबा, डेंटिस्ट म्हणालात तर मी स्टेजवर येणार नाही."

तेवढ्यात माझी थोरली बहीण आली, कवळी रुमालात बांधून. "बाय, ही हालते बग. घट कर जरा."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे. मग तिने पिशवीतून दोन जबड्यांच्या प्रतिकृती काढून ओट्यावर ठेवल्या. दोन्हींत दातांच्या ओळीच ओळी.

"दोगं भाव हायेत का?" बहिणीने विचारलं.

"नाही आते. जवळचं नातंच नाही. एकाचा वंश संपला, त्यानंतर खूप काळाने दुसरा आला."

"मंग दातांची नक्कल कशी केली?"

"नक्कल नाहीच. दोघांनाही चिवट झाडपाला खायचा होता. तुझा आडकित्ता दे." तिने दुसऱ्याचा खालचा जबडा वरच्या खाचेत बसवला आणि शेजारी आडकित्ता मिटून दाखवला. "हा असा कापायचा. पहिल्याचा जबडा पाट्यावरच्या वरवंट्यासारखा पुढेमागे चालायचा. खाणं तसलंच, म्हणून ओळींचे दात दोघांना आले, आपापले."

बहिणीने आडकित्ता उघडमीट करून पाहिला. "म्हंजे तू डाक्टर नाय."

"नाही."

"मंग तुझा बाप काय सांगत फिरतो?"

मी चहा आणायला उठलो.

संध्याकाळी माइक हातात आला. पोर खाली खुर्चीतच बसून होती. म्हणालो, "माझी मुलगी डेंटिस्ट नाही. मी खोटं सांगत होतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जबडा पाहून तो प्राणी काय खायचा, हे ती सांगते. गावात दुसऱ्या कुणाला येत असेल तर पुढे या."

ती उठून वर आली.

"नि माझी कवली?" पुढच्या रांगेतून बहीण.

लोक हसले. मी माइक सोडला नाही. आडकित्त्याचं सगळं पुन्हा सांगितलं, चुकत चुकत. पोर शेजारी उभी राहून दुरुस्त करत होती.