मुदत सरली तरी घर सुटते

अर्जदार : एक हातमागवाला, राहणार सोलापूर, आमच्या पेठेच्या शेवटच्या बोळात. सामनेवाले : सुताचे एक व्यापारी. दिनांक : गड्ड्याची जत्रा उठल्यानंतरचा सोमवार. साक्षीदार : अर्जदाराची बायको, आणि मी, कचेरीसमोरचा अर्जनवीस. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. दोन्ही घराणी अजून पेठेत नांदत आहेत.

माझे शिक्षण इंग्रजी दुसरीपर्यंतच झाले. परंतु कलमे मी वकिलांच्या ओसरीवर बसून मुखोद्गत केली होती, आणि माझा मसुदा शिरस्तेदारांनी कधी परत केल्याचे ऐकिवात नाही.

हातमागवाल्याने आपले घर व्यापाऱ्याकडे गहाणलहाण ठेवले होते. म्हणजे मुदतीत पैसे फेडले तर घर मोकळे, न फेडले तर तेच गहाण खरेदी समजावे, असा एकाच कागदावरचा करार. मुदत जत्रेआधी सरली. लुगडी जत्रेत खपली आणि पैसे उभे राहिले, ते मुदतीनंतर.

त्या सोमवारी त्याची बायको मला बोलवायला आली. "मामा, घरी चला. माणूस ऐकंना झालाय."

जाऊन पाहतो तो, विणताना पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा तो स्वतःच मातीने बुजवीत होता. माग सुटा करून भिंतीला टेकवलेला. बिऱ्हाड कुंभारी गावाला न्यायला गाडी सांगितलेली.

"हे काय मांडले आहेस?"

"मुदत गेली, मामा. घर शेटजींचं झालं की. खड्ड्यासकट घर दिलं तर लोक काय म्हणतील?"

"लेक सासरी धाडतानाबी एवढं सारवलं न्हवतं," बायको म्हणाली.

तेवढ्यात व्यापारी दारात आले. "मी कुठं काही म्हणालो? तोच माग काढतोय. माणूस शब्दाचा पक्का."

मी उपरणे सावरून ओट्यावर बसलो. "शेटजी, गहाण हे गहाणच राहते. मुदत सरली म्हणजे आपल्याला दावा लावण्याचा हक्क आला, घर आले नाही. कोर्ट हुकूमनामा करून घर सोडवण्याचा हक्क बंद करीपर्यंत मालकाने पैसे द्यावेत आणि घर सोडवावे."

"खरेदी समजावे, हे तर तुमचंच अक्षर, मामा."

"अक्षर माझे, कायदा सरकारचा. आपण दावा लावला आहे काय?"

व्यापारी छत्रीच्या टोकाने माती उकरू लागले. हातमागवाल्याने हळूच विचारले, "म्हणजे मी खोटा पडत नाही?"

"व्याजासकट देणारा खोटा कसा पडेल?"

त्याने खोरे उचलले आणि खड्ड्यातली माती बाहेर टाकायला सुरुवात केली. बायकोने गाडीवाल्याला परत धाडले.

तिथेच ओट्यावर मी नोटीस लिहिली. ती मला अजून पाठ आहे, कारण तिला लेखी उत्तर आलेच नाही. शेरा मारलेले गहाणखतच परत आले. तिचा शेवट असा होता :

"तरी आपले मुद्दल व व्याज तयार आहे. ते स्वीकारून, गहाणखतावर रक्कम पावल्याचा शेरा मारून ते परत करावे. तसे करण्यास आपली हरकत असल्यास ती कोणती, याचे लेखी उत्तर द्यावे. न दिल्यास न्याय कोर्टाकडे मागितला जाईल, हे कळावे."