जागेवरबाईंचं बाद पुस्तक

ग्रंथालयातली मंडळी तिला तोंडावर बाई म्हणायची आणि पाठीमागे जागेवरबाई. कारण उघड होतं. कात्री असो, खुर्ची असो, नाहीतर चालतंबोलतं माणूस, जरा इकडचं तिकडे दिसलं की हिचं सुरू, “जागेवर ठेवा!” घरीही तोच पाढा. चष्मा फ्रिजवर सापडला म्हणून तिने एकदा घर डोक्यावर घेतलं, तेव्हा नवरा वैतागून म्हणाला, “मी मेलो तरी तू आधी विचारशील, चपला कुठे काढल्या?”

“विचारणारच,” ती म्हणाली. घ्या! काय बोलणार अशा बाईपुढे?

काउंटरवर अर्धं आयुष्य गेल्यावर, लेक कॉलेजात गेली त्याच वर्षी हिनेही ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला नाव घातलं. लेखी परीक्षा हां हां म्हणता झाल्या. उरला पोर्टफोलिओ. म्हणजे काय, तर जे शिकलात ते हाताने करून दाखवल्याचे पुरावे, ते का केलं, त्यातून काय उमगलं याचं लेखन, आणि शेवटी त्यावर तोंडी परीक्षा. एक मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नव्हती. या वेळी हुकलं की पदवी गेली, आणि पदवी गेली की निवृत्तीला आलेल्या ग्रंथपालांची खुर्चीही गेली. दुसरी एखादी गळाठली असती. ही पदर खोचून म्हणाली, “पुरावे हवेत ना? पोत्याने देते.”

जेवणाचं टेबल फाइलींनी भरलं आणि घरादाराची ताटं मांडीवर आली. कुरकुरले नाहीत ते एकटे सासरे. जन्मभर पुलांच्या कामावर वेल्डिंग केलेला माणूस, हात अजून लोखंडासारखा, पण सुनेच्या फाइलींना चिठ्ठ्या चिकटवताना जीभ बाहेर काढून लहान पोरासारखे बसायचे. दुपारी मात्र ठरलेलं, “जरा ग्रंथालयात पेपर चाळून येतो.” वाचनकक्ष वरच्या मजल्यावर होता आणि सासरे बाजूच्या जिन्याने वर जायचे. कामाच्या ठिकाणी सुनेला अवघडल्यासारखं नको, एवढाच त्यात विचार.

पोर्टफोलिओतलं तिचं सगळ्यात लाडकं प्रकरण होतं पुस्तकं बाद करण्याचं. वरची कपाटं इतकी ठासून भरली होती की एक पुस्तक काढायला दोन माणसं लागायची. हिने नियम ठरवला. जे वर्षानुवर्षं कोणी घरी नेलं नाही आणि जे कधी वाचनकक्षाच्या टेबलावरही सापडलं नाही, ते बाहेर. टेबलाचा हिशेब सोपा होता. ‘वाचून झालेली पुस्तकं टेबलावरच ठेवावीत’ अशी तिथे पाटीच होती. संध्याकाळी शिपाई ती गोळा करायचा, नोंद करायचा आणि मगच कपाटात लावायचा. नोंदीत नाही त्याला वाचक नाही. तिने पुस्तकांवर धडाधड ‘बाद’चे शिक्के मारले, पोती बांधून कोठीत टाकली, रद्दीवाल्याला निरोप धाडला आणि मोकळ्या झालेल्या कपाटांचे झकास फोटो काढले. मार्गदर्शक बाई फोनवर म्हणाल्या, “हे प्रकरण एक नंबर झालंय. आता याला हात लावू नका.” त्या आनंदात तिने घरच्यांना टेबलाचा एक कोपरा परत दिला.

आणि त्याच आठवड्यात सासऱ्यांनी ग्रंथालयात जाणं बंद केलं.

“बाबा, आज गेला नाहीत?”

“डोळे चुरचुरतात गं.”

दुसऱ्या दिवशी गुडघा, तिसऱ्या दिवशी ऊन. खिडकीत बसून राहायचे, जेवणातही लक्ष नाही. डॉक्टरकडे न्यावं असं नवऱ्याशी बोलणंही झालं. तेवढ्यात काउंटरवर निवृत्त पोस्टमन आले, वाचनकक्षाचे जुने वारकरी नव्हेत तर चक्क भाडेकरूच म्हणावेत असे रोजचे गृहस्थ.

“तुमचे सासरे दिसत नाहीत हल्ली?”

“बरं नाही त्यांना.”

“बरं कसं असेल? त्यांचं पुस्तक गेलं ना!”

“कुठलं पुस्तक?”

“ते पुलांचं हो, जाडजूड. आपण जोडलेला पूल उभा कसा राहतो, ते म्हणे आत्ता कळायला लागलंय. रोज दोन-चार पानं वाचायचे आणि रुमालाने पुसून आपल्या हाताने कपाटात लावायचे. मी म्हणायचो, राहू द्या टेबलावर, पाटी आहे. तर म्हणायचे, आमच्या सूनबाईला वस्तू जागेवर लागते.”

तिच्या हातातला शिक्का हातातच राहिला. टेबलावर कधी न सापडलेलं पुस्तक! सापडेल कसं? घरातली सगळ्यात शहाणी शिस्त ज्या माणसाने पाळली, त्याचंच वाचन तिच्या हिशेबात शून्य धरलं गेलं होतं. आणि म्हातारा मुकाट बसला होता, सुनेच्या परीक्षेत खोडा नको म्हणून. तिला रडू आलं, आणि तिने ते तिथेच, काउंटरवर, पोस्टमनसमोर रडून घेतलं. मग नाक पुसून कोठीत गेली, पोत्यांमागून पोती उपसली आणि तळातून पूल बाहेर काढला. रद्दीवाला आळशी निघाला, हे नशीब.

संध्याकाळी तिने लाडकं प्रकरण पुन्हा उघडलं तेव्हा नवरा हादरला. “मुदत तोंडावर आलीय. बाई हात लावू नका म्हणाल्या ना? चालत्या गाडीला खीळ कशाला?”

“त्यात खोटं काही नाही, पण अर्धंच आहे. अर्ध्यावर मला कोणी ग्रंथपाल केलं तर मीच उठून जाईन त्या खुर्चीतून.”

तिने सगळं लिहिलं. नियम कुठे फसला, जागेवर ठेवणारा वाचक नोंदीतून कसा निसटतो, आणि आता पुस्तक बाद करण्याआधी ते महिनाभर एका कपाटावर मांडून ‘हे जाणार आहे, कोणाला हवंय का?’ असं विचारायचं कसं ठरलं. मार्गदर्शक बाई आधी चिडल्या, मग वाचून म्हणाल्या, “पाठवा.”

तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “स्वतःची चूक स्वतःच पुढे ठेवलीत. नापास केलं तर?”

“करा की. पण कपाटं मग कोणाच्या हाती देणार, जिला आपली चूक दिसते तिच्या, की जिला दिसत नाही तिच्या?”

ती पास झाली, आणि ग्रंथपालांची खुर्चीही तिला मिळाली.

निकालाच्या दिवशी ती मुद्दाम बाजूच्या जिन्याने वर गेली. सासरे खिडकीपाशी परत आलेलं पुलांचं पुस्तक वाचत होते. पुस्तक मिटलं, रुमालाने पुसलं, सवयीने उठले, कपाटापर्यंत गेले, थबकले. सुनेने बजावलेलं आठवलं असावं; परत आले आणि जिवावर आल्यासारखं ते टेबलावर ठेवलं. दोन पावलं गेल्यावर पुन्हा वळून पाहिलं. ती हळूच खाली आली.

रात्री जेवणं मोकळ्या टेबलावर झाली. सगळे उठले, आणि सासऱ्यांचं ताट न् पेला तिथेच. तिने तोंड उघडलं मात्र.

“राहू दे,” सासरे म्हणाले. “आधी नोंद कर. आज मी पोटभर जेवलोय.”